आवाज नंदूचा, चित्र चारूचं

नंदू आपटेच्या मनावर चारुदत्त वर्तकचा जेवढा विश्वास होता, तेवढा त्याचा स्वतःच्या डॉक्टरवरही नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण चारुदत्त काही भोळा माणूस नव्हे. एकतीस वर्षं त्याने मॉन्ट्रियलच्या विमान कारखान्यात पंखांची गणितं केली. कुठला पंख किती भाराला किती वाकेल हे तो कागदावर काढून द्यायचा आणि पंख तेवढाच वाकायचा. त्याने कधी कुणाची पत्रिका पाहिली नाही, मुलीच्या लग्नात मुहूर्तावरून व्याह्यांशी वाद घातला, नवस बोलणाऱ्यांची त्याला कीव यायची. पण संध्याकाळी फोनवर नंदू म्हणाला, "थांब चारू, माझं मन सांगतंय, हा गडी आता उडवणार," की हाच शहाणा माणूस टीव्हीसमोर श्वास रोखून बसायचा. आणि तो गडी खरंच उडवायचा.

खेळ बेसबॉलचा, संघ मॉन्ट्रियलचा, एक्स्पोज. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज सामना. दोघं मित्र शहराच्या पश्चिम टोकाला, वेस्ट आयलंडवर डॉलार्डमध्ये राहायचे, मध्ये फक्त तीन रस्ते. तरी सामना ते एकत्र बसून बघत नसत. सातला फोन लागायचा आणि सामना संपेपर्यंत दोघांच्या कानांना रिसीव्हर चिकटलेले असायचे. एक वॉशरूमला गेला तर दुसऱ्याने लक्ष ठेवायचं आणि तो आल्यावर हिशोब द्यायचा. नंदूची बायको जयंती याला "तुमची संध्या" म्हणायची.

या संध्येचा आरंभ १९७० साली मॉन्ट्रियलच्या कोत-दे-नेज भागातल्या एका भाड्याच्या घरात झाला होता. चारुदत्त खालच्या मजल्यावर, नंदू वरच्या. दोघंही नवे, सडे आणि जेवणाच्या आठवणीने हैराण. चारुदत्तने कुणीतरी रस्त्यावर टाकून दिलेला टीव्ही उचलून आणला होता. त्यात चित्र दिसायचं, आवाज यायचा नाही. नंदूकडे देशातून आणलेला ट्रान्झिस्टर होता, चामड्याच्या लाल कव्हरातला. एका रविवारी नंदू तो घेऊन खाली आला, टीव्हीच्या डोक्यावर ठेवला, त्याच सामन्याचं फ्रेंच समालोचन लावलं आणि मुक्या टीव्हीला वाचा फुटली. चेंडूला फटका बसलेला दिसायचा त्याच क्षणी ऐकू यायचा. आवाज नंदूचा, चित्र चारूचं. दोन उन्हाळ्यांत दोघांना बेसबॉल कळला आणि फ्रेंचही आलं. पुढे ऑफिसांतून फ्रेंच सक्तीचं झालं तेव्हा बाकीचे देशी लोक शिकवण्यांना धावत होते आणि हे दोघं पाय पसरून बसले होते. त्यांचं फ्रेंच जरा मैदानी होतं, एवढंच. चारुदत्तने एकदा भर मीटिंगमध्ये साहेबाला सांगितलं होतं की तुमचा प्रस्ताव दुसऱ्या बेसवर बाद झाला.

मग लग्नं झाली, घरं झाली, मुलं झाली आणि मुलं उडाली. चारुदत्तची ईशानी व्हँकुव्हरला, नंदूचा परीक्षित टोरांटोजवळ एटोबिकोला. ट्रान्झिस्टर "केव्हाच गेला रे" असं नंदू सांगायचा. २००३ च्या जानेवारीत चारुदत्तची बायको शीला गेली. तीन आठवड्यांत गेली. आजाराचं नाव नीट पाठ होईपर्यंत सगळं आटोपलं. चारुदत्त बोलायचा थांबला. लोक डबे आणून देत होते, तो ते धुऊन परत करत होता, आत काय होतं ते मात्र त्याला विचारू नये. ईशानी आली, महिनाभर राहिली आणि जाताना बाबा निदान काही बघतील म्हणून छपरावर, नंदूकडे होती तशीच, सॅटेलाइटची डिश लावून गेली.

त्या एप्रिलमध्ये पहिल्याच आठवड्यात नंदूने फोन लावला. सामना सुरू झाला. चारुदत्त हूं, हूं करत होता. मध्येच नंदू म्हणाला, "चारू, ऐक. हा आता चेंडू पार भिंतीबाहेर घालवणार बघ. माझं मन सांगतंय." टीव्हीवर बॅटर नुसता उभा होता, बूट झटकत होता. मग चेंडू आला, आणि गेला तो भिंतीबाहेरच. चारुदत्तला हसू फुटलं. तीन महिन्यांतलं पहिलं.

तेव्हापासून नंदूचं मन बोलू लागलं. रोज नाही, पण आठवड्यातून चारदा-पाचदा तरी. कधी सांगायचं की हा बाद, कधी की हा बेसवर पोचला. महिन्यातून एखाद्या वेळी चुकायचंही, आणि तेव्हा नंदू "वय झालं रे मनाचं" म्हणून हसायचा. चारुदत्त प्रत्येक सामन्याची वही ठेवायचा, चौकोनाचौकोनांची, सुबक अक्षरात. नंदूचं भाकीत खरं ठरलं की तो त्या चौकोनाच्या कोपऱ्यात एक चांदणी काढायचा. गणिती माणूस, त्याने सहा महिन्यांच्या चांदण्या मोजल्या आणि स्वतःशी कबूल केलं की हा योगायोग असू शकत नाही. काही माणसांना कळतं. कसं ते सांगता येत नाही, पण कळतं. नंदू आयुष्यभर टेलिफोन कंपनीत होता, आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकाला किती वेळात पोचतो हेच बघण्यात त्याची नोकरी गेली, पण याचा तिथे काही संबंध असेल असं चारुदत्तच्या डोक्यात आलं नाही.

तो उन्हाळा तसा सोन्याचा होता. ऑगस्ट संपताना एक्स्पोज पुढच्या फेरीच्या जागेसाठी बरोबरीत होते. पण या संघाला स्वतःचा मालक नव्हता. बाकीचे एकोणतीस संघ मिळून त्याचे मालक, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्याच घरी पोरगं वाढत होतं. सप्टेंबरमध्ये बाकीच्यांनी नवे खेळाडू मदतीला बोलावले, एक्स्पोजना खर्च परवडणार नाही म्हणून नाही म्हटलं गेलं. थकलेला संघ घसरत गेला. चारुदत्त असा चिडला की त्याने लीगच्या ऑफिसला चार पानी पत्र लिहिलं, पंखांच्या रिपोर्टसारखं, मुद्द्यांना नंबर घालून. उत्तर आलं नाही.

२००४ मध्ये तर उघडच झालं. हंगाम संपला की संघ दुसऱ्या शहरात जाणार, कुठे ते ठरायचं बाकी. त्याच जुलैमध्ये ईशानीचा फोन आला. तिच्या घराचा खालचा मजला रिकामा होत होता, वेगळं दार, वेगळं किचन.

"बाबा, प्लीज," ती म्हणाली, "यू कान्ट लिव्ह लाइक धिस. तुम्ही या. मी दोन आठवडे कुणालाच देत नाही. मग मात्र मला टेनंट बघावा लागेल."

चारुदत्तचं अर्धं मन निघालंही होतं. शीलाच्या साड्यांचं कपाट अजून तसंच होतं, एकट्याने हिवाळा काढायचा, पासष्टीला टेकलेल्या गुडघ्यांनी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचा. पण तिथे गेलो तर सातला फोन कुणाला लावायचा? त्याने नंदूला विचारलं. सामना चालू असतानाच विचारलं, कारण एरवी असलं बोलायची दोघांना सवय नव्हती.

नंदूने ती इनिंग संपू दिली. मग म्हणाला, "संघ जातोय तर जाऊ दे. आपण कुठे जातोय? आपण दोघं आहोत की इथे. चारू, माझं मन सांगतंय, तू इथंच राहा."

झालं. चांदण्यांची वही ज्याच्या बाजूने साक्ष देत होती त्या मनाने कौल दिला. दुसऱ्या दिवशी चारुदत्तने ईशानीला नाही म्हणून कळवलं. ती चिडली, मग रडली, आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला तिने मजला एका जोडप्याला दिला. त्यांना बाळ होणार होतं, त्यांनी दोन वर्षांचं लीज मागितलं आणि तिने दिलं.

सप्टेंबरमध्ये नंदू अधूनमधून वीकेंडला परीक्षितकडे जायला लागला. "नातवंडं बोलावतात रे," म्हणायचा. तिथूनही सातला फोन लागायचाच, पण तिथे त्याचं मन गप्प असायचं. चारुदत्तने चिडवलं तर म्हणायचा, "सहा तास ड्राइव्ह केलंय, मन हायवेवरच राहिलं." चारुदत्त हसायचा आणि वहीत चांदणीशिवायचं पान लिहायचा.

एकोणतीस सप्टेंबर, बुधवार. संध्याकाळी मॉन्ट्रियलच्या मैदानावरचा त्या हंगामाचा शेवटचा सामना होता. दुपारी चारुदत्त ग्रोसरी घेऊन परतत होता तेव्हा गाडीच्या रेडिओवर बातमी आली: ठरलं, संघ वॉशिंग्टनला जाणार. पस्तीस वर्षांचा संसार, आणि सांगायला शेवटच्या सामन्याचा दिवस निवडला. चारुदत्तने गाडी दुकानांच्या पार्किंगमध्ये वळवली आणि इंजिन बंद करून बसून राहिला. आपल्याला आधी कुणी विचारलं नाही, निदान सांगायचं तरी होतं, असं त्याला वाटत राहिलं. दूध गरम होईल म्हणून मग उठला, म्हणजे गाडी सुरू केली.

त्या संध्याकाळी त्याला एकट्याने टीव्हीसमोर बसवेना. सामना सुरू झाला, पहिली इनिंग त्याने उभ्याउभ्याच पाहिली. नंदूचा फोन अजून आला नव्हता, त्याचीच लाइन एंगेज असावी. मग त्याने दुपारी भाजलेल्या खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा उचलला, जाकीट चढवलं आणि तीन रस्ते ओलांडून नंदूच्या दारात उभा राहिला. इतक्या वर्षांत सामना चालू असताना त्याने असं कधी केलं नव्हतं. नंदूचा चेहरा बघण्यासारखा होईल, असं मनात येऊन त्याला जरा बरंही वाटलं.

जयंतीने दार उघडलं. तिच्या मागे हॉलमध्ये खोकी रचलेली होती, छताला टेकतील एवढी. प्रत्येकावर तिच्या अक्षरात लिहिलेलं: किचन, देव, हिवाळी कपडे. आणि खाली सगळ्यांवर एकच शब्द, एटोबिको.

"या ना चारूभावजी," ती म्हणाली, "बरं झालं आलात, आज तुमचा जीव लागला नसेल घरी. पसाऱ्याकडे बघू नका हं. शनिवारी ट्रक येतोय आणि अजून निम्मं बांधायचंय."

"कसला ट्रक?"

जयंतीचा हात दाराच्या कडीवरच राहिला. "अहो, आमचा. घर नाही का विकलं आम्ही? परीक्षितच्या मित्राच्या भावाने घेतलं, म्हणून बोर्डही लावावा लागला नाही." मग तिचा आवाज उतरला. "ह्यांनी तुम्हाला सांगितलं नाही? मला म्हणाले, चारूला जूनमध्येच सांगितलं. म्हणाले, त्याला वाईट वाटलंय, तू त्याच्यापाशी विषय काढू नकोस. म्हणून मी आपली गप्प."

"जूनमध्ये?" चारुदत्तने विचारलं.

"सह्या जूनमध्येच झाल्या ना," जयंती म्हणाली.

चारुदत्तने डबा एका खोक्यावर ठेवला आणि बेसमेंटच्या जिन्याने खाली उतरला. पायांत लोकरी मोजे होते, आवाज झाला नाही. खाली अंधुक दिवा होता. नंदूची पाठ जिन्याकडे होती. समोर टीव्ही, आवाज बंद केलेला. हाताशी फोन, रिसीव्हर उजव्या कानाला, चारुदत्तच्या रिकाम्या घरात घंटा वाजत असणार. डाव्या कानात एक जुनी पिवळट वायर, आणि ती वायर सोफ्याच्या हातावर ठेवलेल्या लाल चामड्याच्या कव्हरात गेली होती.

केव्हाच गेलेला ट्रान्झिस्टर.

"च्च, गेला," नंदू स्वतःशीच पुटपुटला आणि मांडीवर हात मारला. चारुदत्तने टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर बॅटर अजून उभाच होता. चेंडू टाकणारा पिचर टोपी सारखी करत होता. चारुदत्त मनात मोजायला लागला, ती त्याची जुनी खोड. पाच, सहा, सात. चेंडू आला, बॅटरने हवेत उंच मारला, आणि तो झेलला गेला.

आकाशातून फिरून येणारं चित्र, जमिनीवरून सरळ येणारा आवाज. दहावीच्या पोराने सांगितलं असतं. दोन उन्हाळे चारुदत्तने त्या सात सेकंदांना दैवी देणगी समजून चांदण्या काढल्या होत्या. आणि नंदूला कळत होतं, कारण नंदूचा धंदाच तो.

"नंदू," तो म्हणाला.

नंदू वळला. कानातली वायर त्याने ओढून काढली, आणि लहान मूल खाऊ लपवतं तसा हात पाठीमागे नेला. मग त्यालाच ते कळलं आणि त्याने हात पुन्हा पुढे आणला.

"चारू, बस ना. मी तुलाच फोन लावत होतो."

"तुझं मन काय म्हणतंय?"

नंदूने रिसीव्हर खाली ठेवला. सोडलेल्या वायरीतून समालोचकाचा बारीक आवाज येत होता. प्रेक्षकांतून कुणीतरी मैदानात चेंडू फेकून मारला होता, खेळ थांबवला होता, लोकांना शांत राहा म्हणून सांगत होते.

"हे सांगणारच होतो रे," नंदूने ट्रान्झिस्टरकडे बोट केलं. "पहिल्यांदा गंमत म्हणूनच केलं. तू तेव्हा कसा झाला होतास आठव. आणि तू हसलास. इतक्या दिवसांनी हसलास, मग मी कसं सांगायचं की अरे, फसवतोय तुला? प्रत्येक वेळी वाटायचं, उद्या सांगू."

"त्याचं काही नाही," चारुदत्त म्हणाला, आणि ते खरं होतं. त्याबद्दल त्याने नंदूला तिथल्या तिथे माफ केलं असतं, वर दोन शिव्या दिल्या असत्या आणि दोघं हसले असते. "घर जूनमध्ये दिलंस?"

"हो."

"आणि जुलैमध्ये मला मन सांगितलंस."

नंदूचा चेहरा असा झाला की एरवी चारुदत्तने विषय बदलला असता. आज बदलला नाही, उभा राहिला.

"तू लगेच गेला असतास," नंदू शेवटी म्हणाला. "ईशानीने दोन आठवडे दिले होते. तू ऑगस्टमध्ये गेला असतास, आणि मी इथे खोकी बांधत हा शेवटचा सीझन एकटा बघत बसलो असतो. मला ते... चारू, आपला हा शेवटचाच होता रे. मी म्हटलं एवढा संपू दे. मग सांगतो. व्हँकुव्हर काय, पुढच्या वर्षीही आहेच."

"दोन वर्षांचं लीज दिलंय तिने."

"मला काय माहीत."

"तुला विचारायला सुचलं नाही," चारुदत्त म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट इतका खाली गेला होता की नंदूला पुढे वाकावं लागलं. "लीगवाल्यांना मी चार पानी पत्र लिहिलं, नंदू. त्यांनी माझा गळा कापला तो समोरून. ते मला ओळखतसुद्धा नाहीत. तू केसाने कापलास."

तो वळून जिना चढला. वर जयंती डबा हातात घेऊन उभी होती, डोळ्यांत पाणी. तिला बिचारीला तो काही बोलला नाही. शेंगदाणे असू द्या, एवढंच म्हणाला.

घरी येऊन त्याने टीव्ही बंद केला. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना एक्स्पोज नऊ-एक असा हरले, पण ते त्याला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. वहीतलं ते पान कोरंच राहिलं. त्याऐवजी त्याने मागची पानं काढली आणि चष्मा पुसून चांदण्या तपासल्या. नंदू एटोबिकोला गेलेल्या प्रत्येक तारखेला एकही चांदणी नव्हती. एकही नाही. सगळा पुरावा त्याच्याच अक्षरात, त्याच्याच टेबलावर पडून होता, आणि एकतीस वर्षं पंख तोलणाऱ्या माणसाला तो दिसला नव्हता. मित्राचा राग आला होता, त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. ईशानीला फोन करायला त्याने दोनदा रिसीव्हर उचलला. पण तिला काय सांगणार? बाळवालं जोडपं तिथे राहायला आलं होतं. त्याने रिसीव्हर खाली ठेवला.

शनिवारी ट्रक आला आणि गेला. चारुदत्त बाहेर पडला नाही. निघायच्या आधी जयंती दारात येऊन गेली, तिने एक कापडी पिशवी त्याच्या हातात दिली. "ह्यांनी दिलंय," म्हणाली. "यायचं धाडस होत नाही त्यांना. मीही काय बोलू, भावजी? तुम्ही जेवत जा वेळेवर." पिशवीत शेंगदाण्यांचा धुतलेला डबा होता आणि डब्याखाली लाल कव्हर. ट्रान्झिस्टर आधी त्याने कचऱ्याच्या पिंपाशी नेला. मग परत आणला आणि किचनच्या ड्रॉवरमधून नव्या बॅटऱ्या काढून त्यात घातल्या.

रविवार, तीन ऑक्टोबर. दुपारचा सामना, न्यूयॉर्कच्या मैदानावर. एक्स्पोज या नावाने संघ खेळणार असलेला शेवटचा. चारुदत्तने टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि ट्रान्झिस्टर टीव्हीवर ठेवला, जुन्या दिवसांसारखा. पण ते जमेना. आवाज पुढे, चित्र मागे. कानाने ऐकलेला फटका डोळ्यांना दिसेपर्यंत समालोचक पुढच्या चेंडूवर गेलेला असायचा. तरी त्याने दोन्ही चालू ठेवलं आणि वही उघडली.

आठव्या इनिंगमध्ये फोन वाजला. तो घेणार नव्हता. अकराव्या घंटेला ट्रान्झिस्टर बारीक केला आणि घेतला.

"चारू," नंदू म्हणाला. मागे नातवंडं इंग्रजीत भांडत होती, परीक्षित त्यांना गप्प करत होता. "बघतोयस ना?"

"हूं."

"मी पण. इथे रेडिओ लागत नाही आपला. नुसतं चित्र आहे." मग त्याने स्कोअर वाचला. "आठ-एक. संपलं रे."

चारुदत्तने फोन ठेवला नाही. दोघं चौतीस वर्षं बसले तसे बसून राहिले. नववी इनिंग आली. पहिला बाद झाला, दुसरा बाद झाला. पडद्यावर शेवटचा बॅटर येऊन उभा राहिला, हातमोजे आवळू लागला. जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. पण हा एक पोचला असता तर संघ आणखी एक चेंडू, आणखी दोन मिनिटं जिवंत राहिला असता.

"चारू, हा तरी पोचेल का रे?" नंदूने विचारलं. त्याचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "मला काही कळत नाहीये. तुझं मन काय सांगतं?"

ट्रान्झिस्टरमधून समालोचक आधीच बोलून गेला होता. चेंडू जमिनीवरून घरंगळला, दुसऱ्या बेसजवळच्या माणसाने उचलला, पहिल्याकडे फेकला. रेतिरे. बाद. सामना संपला, हंगाम संपला, संघ संपला. समालोचक श्रोत्यांचा निरोप घेऊ लागला.

पडद्यावर मात्र बॅटर अजून हातमोजे आवळत होता, आणि एटोबिकोत नंदू वाट बघत होता. सगळं संपलेलं एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, ही गोष्ट किती सोपी आहे ते चारुदत्तला तेव्हा कळलं. नुसतं बोलायचं असतं. समोरचा विश्वास ठेवायला टपलेलाच असतो.

"पोचेल," तो म्हणाला. "माझं मन सांगतंय."

"सांगतंय ना?" नंदूने जोरात श्वास घेतला. "बघ, बघ, आला चेंडू..."

चेंडू जमिनीवरून घरंगळला. दुसऱ्या बेसजवळच्या माणसाने उचलला आणि पहिल्याकडे फेकला. न्यूयॉर्कचे खेळाडू एकमेकांचे हात हातात घेऊ लागले. फोनवर नातवंडांचा आवाज येत होता.

"ट्रान्झिस्टर लावलायस," नंदू म्हणाला. "तुला माहीत होतं."

"होतं," चारुदत्त म्हणाला. "सात सेकंद. तुझ्यासारखे चार महिने नाही."

त्याने फोन ठेवला, वहीतला शेवटचा चौकोन भरला आणि कोपरा कोरा सोडला. फोन पुन्हा वाजू लागला. त्याने ट्रान्झिस्टर बंद केला, टीव्ही बंद केला आणि घंटा थांबायची वाट बघत खुर्चीतच बसून राहिला.